तुळई कोणी घालावी? स्वरलेखनातील एका रेघेचा इतिहास



राज्यांचा, लढायांचा आणि थोर पुरुषांचा इतिहास या व्यासपीठावरून आपण पुष्कळदा ऐकला असेल. आज मी एका रेघेचा इतिहास सांगणार आहे. ही रेघ पाश्चात्त्य संगीताच्या छापील पानावर असते. ती जाड असते, आडवी किंवा किंचित कललेली असते, आणि तिला स्वतःचा असा काहीच आवाज नसतो. ती काढून टाकून प्रत्येक स्वराला त्याची सुटी खूण दिली, तर एकही स्वर बदलत नाही की एकाही स्वराची लांबी कमीजास्त होत नाही. असे असूनही या रेघेपायी कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या डोळे ताणून बसल्या, आणि यंत्राला ती आपोआप घालता यावी म्हणून गेली साठ वर्षे मोठमोठ्या बुद्धिमान माणसांनी खटाटोप केला. हे का झाले, आणि त्यातून आपण काय ध्यानी घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ही रेघ म्हणजे काय ते पाहू. पाच समांतर रेघांच्या चौकटीवर स्वर मांडतात. प्रत्येक स्वराला एक लंबगोल डोके असते आणि त्याला एक उभा दांडा जोडलेला असतो. साधारणतः असा काळ्या डोक्याचा, दांड्याचा स्वर एक मात्रा चालतो. अर्ध्या मात्रेचा स्वर दाखवावयाचा तर दांड्याच्या टोकाला एक निशाण लावतात. पाव मात्रेचा असेल तर दोन निशाणे. आता असे आखूड स्वर एकापाठोपाठ पुष्कळ आले म्हणजे निशाणांची गर्दी होते. म्हणून दोन, तीन, चार स्वरांची निशाणे काढून टाकतात आणि त्यांच्या दांड्यांच्या टोकांवरून एक जाड रेघ ओढतात. उभ्या खांबांवर आडवे लाकूड टाकावे तशी ती दिसते. म्हणून इंग्रजीत तिला बीम म्हणतात आणि जर्मनमध्ये बाल्केन. दोहोंचा अर्थ एकच, घराची तुळई. आपणही आज तिला तुळईच म्हणू.

हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडेही हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्याची दोन उत्तरे आपल्याच दोन विष्णूंनी दिली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या लेखनपद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या काळाची स्वतंत्र खूण असते: एक मात्रेची एक, अर्ध्या मात्रेची दुसरी, पाव मात्रेची तिसरी. म्हणजे प्रत्येक स्वर आपले निशाण आपणच वाहतो. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी आपल्या क्रमिक पुस्तकांत दुसरी वाट धरली. एका मात्रेत जितके स्वर येतील तितक्यांच्या खाली त्यांनी एकच चंद्रकोर ओढली. कोरीत दोन स्वर असले तर प्रत्येक अर्ध्या मात्रेचा, चार असले तर प्रत्येक पाव मात्रेचा. येथे स्वराची लांबी त्याच्या अंगावर लिहिलेली नसते, ती त्याच्या कुटुंबावरून कळते. भातखंड्यांची चंद्रकोर आणि पश्चिमेची तुळई यांचे जन्म वेगळे आणि घराणीही वेगळी. पण काम एकच, मात्रा कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात दाखविणे.

या कामाचे महत्त्व मोडी वाचलेल्या माणसाला लगेच पटेल. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढावयाची आणि मग तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जावयाचे अशी रीत होती. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची पद्धत नव्हती. अक्षरे सर्व बरोबर असत; पण शब्द कोठे तोडावयाचा हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. सरावलेला कारकून ते सहज करी, नवखा मात्र अडखळे. तुळई नसलेले संगीताचे पान असेच असते. स्वर सगळे हजर असतात; पण त्यांची वाटणी वादकाला वाजवता वाजवता करावी लागते.

एक उदाहरण देतो. समजा, अर्ध्या मात्रेचे सहा स्वर आहेत. ते दोन-दोनच्या तीन जोड्यांत बांधले तर तीन मात्रांची चाल झाली. तिचे तालचिन्ह ३/४. तेच सहा तीन-तीनच्या दोन जुड्यांत बांधले तर दोन मोठ्या ठोक्यांची, आपल्या दादऱ्याच्या वाटणीची चाल झाली. तिचे तालचिन्ह ६/८. स्वर तेच, संख्या तीच, एकूण काळही तोच. पण पहिल्यात जोर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या स्वरावर पडतो, आणि दुसऱ्यात पहिल्या व चौथ्यावर. ऐकणाऱ्याला हे दोन अगदी निराळे वाटतात. कागदावर हा भेद पानाच्या आरंभीचे दोन आकडे सांगतात खरे. पण पाचव्या ओळीवर पोहोचलेला वादक ते आकडे पाहावयास मागे जात नाही. त्याला प्रत्येक क्षणी तुळईच सांगत असते.

आता इतिहासाकडे वळू. हाताने लिहिणाऱ्याला तुळई ओढण्यात कधीच अडचण नव्हती. लेखणी टेकलेलीच असते, ती बाजूला ओढली की झाले. सोळाव्या शतकातील वाद्यसंगीताच्या हस्तलिखितांत अशा जोडरेघा दिसतात. अडचण आली ती छापखान्यामुळे. १५०१ साली व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांनी अनेक आवाजांच्या संगीताचा पहिला संग्रह छापला. त्याची पाने आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पण त्यासाठी एकच कागद यंत्राखाली एकाहून अधिक वेळा घालावा लागे, रेघांसाठी एकदा आणि स्वरांसाठी पुन्हा. पुढे १५२८च्या सुमारास पॅरिसच्या प्येर आतेन्याँ याने ही मेहनत वाचविली. त्याच्या खिळ्यात स्वर आणि त्यामागचा पाच रेघांचा तुकडा एकत्रच असे. खिळ्याला खिळा लावीत जावयाचे आणि एकाच दाबात पान छापावयाचे. संगीत स्वस्त झाले आणि घराघरांत गेले.

मात्र त्या स्वस्ताईची एक किंमत होती. प्रत्येक खिळा सुटा, म्हणून प्रत्येक स्वरही सुटा. एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर जाणारी रेघ त्यात बसेना. म्हणून हस्तलिखितात जोडलेले स्वर छापील पानावर पुन्हा निशाणे लावून एकेकटे उभे राहिले. त्या काळी याची फारशी बोच लागली नाही, कारण छापले जात होते ते मुख्यतः गाण्याचे संगीत. गाणाऱ्याजवळ शब्द असतात. शब्द त्याला वाटणी सांगतात. पण सतराव्या शतकात व्हायोलिन आणि कळफलकाची वाद्ये पुढे आली. त्यांच्याजवळ शब्द नव्हते, आणि स्वरांची धाव मात्र फार. एका मात्रेत चार-चार, आठ-आठ स्वर. निशाणांच्या त्या जंगलातून वाट काढणे वादकाला जड जाऊ लागले.

त्यावर उपाय दोन बाजूंनी आले. एक म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापणे. रोममध्ये सिमोने व्हेरोव्हियो याने १५८६च्या सुमारास असे कोरीव संगीत प्रसिद्ध केले. लंडनमध्ये १६१२-१३च्या सुमारास ‘पार्थेनिया’ हा कळफलकाच्या संगीताचा संग्रह विल्यम होल याने कोरून काढला. कोरणाऱ्याच्या हाती खिळा नसतो, सळई असते. म्हणून हस्तलिखितातील तुळई जशीच्या तशी पत्र्यावर उतरू शकली. दुसरा उपाय खिळे पाडणाऱ्यांचा. लंडनमध्ये १६८७ साली ‘विंक्युलम सोसायटॅटिस’ हा गाण्यांचा संग्रह निघाला. त्याच्या छपाईत जॉन हेप्टिनस्टॉल हा एक भागीदार होता. या पुस्तकात असे नवे खिळे वापरले होते की आखूड स्वर एकमेकांना जोडता येत. त्या काळी इंग्रज अशा स्वरांना बांधलेले स्वर म्हणत, आणि पुस्तकाच्या लॅटिन नावाचा अर्थही ‘संगतीचे बंधन’ असाच होतो. जाहिरातीची हौस तेव्हाही होतीच म्हणावयाची!

पुढे १७५५च्या सुमारास लाइपझिगच्या योहान ब्राइटकोप्फ याने खिळ्याचेच तुकडे केले. डोके वेगळे, दांडा वेगळा, तुळईचा तुकडा वेगळा. अशा शेकडो बारीक तुकड्यांचे चित्र जुळवून त्याने गुंतागुंतीचे संगीतही सुट्या खिळ्यांनी छापून दाखविले. पण एकेक पान जुळविण्यास लागणारे कष्ट कल्पनेनेच जाणावेत. तोपर्यंत ॲम्स्टरडॅम आणि लंडन येथील प्रकाशकांनी कोरीव कामाचा धंदा जोरात चालविला होता. तांब्याऐवजी शिसे-कथलाच्या मिश्रणाचा मऊ पत्रा आला, डोकी आणि चिन्हे ठोकण्यासाठी पोलादी ठसे आले, आणि एकोणिसाव्या शतकात लाइपझिग हे या कलेचे माहेरघर झाले.

त्या कारागिराचे काम कसे चाले ते समजून घेतले पाहिजे. पाच दातांच्या अवजाराने तो पत्र्यावर रेघा ओढी. पान कागदावर सुलटे यावे म्हणून पत्र्यावर सारे उलटे, उजवीकडून डावीकडे. आधी सगळ्या पानाचा हिशेब करून तो जागा आखून घेई. मग डोकी ठशांनी ठोकावयाची, आणि दांडे, तुळया व वक्ररेषा कोरणीने काढावयाच्या. तुळई किती स्वरांवर टाकावयाची, तिला उतार किती द्यावयाचा, तिचे टोक पंचरेखेच्या रेघेवर बसवावयाचे की रेघेखाली टांगावयाचे, हे सर्व तिथल्या तिथे ठरे. तुळई रेघेला वेडीवाकडी छेदून गेली तर मध्ये पांढरा बारीक त्रिकोण राहतो आणि छापताना त्यात शाई साकळते, म्हणून त्याबद्दल विशेष दक्षता असे. हे नियम बहुतांशी पुस्तकांत नव्हते. ते गुरूच्या शेजारी बसून, पत्रे खराब करीत, वर्षानुवर्षे शिकावयाचे. विसाव्या शतकात ते व्यवस्थित लिहून काढणारी पुस्तके निघाली: अमेरिकेत गार्डनर रीड यांचे १९६४ साली, टेड रॉस यांचे १९७० साली, आणि इंग्लंडमध्ये एलेन गूल्ड यांचे ‘बिहाइंड बार्स’ २०११ साली.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. तुळई ठरविण्याचा अधिकार कोणाचा? कोरणाऱ्याचा, प्रकाशकाचा, की संगीत रचणाऱ्याचा? नियम सांगतो की तुळईने मात्रेची वाटणी दाखवावी. पण रचनाकार तिच्यातून कधी कधी आणखीही काही सांगू पाहतो. योहान सेबास्टियन बाख याने १७२० साली स्वहस्ते लिहिलेली एकट्या व्हायोलिनसाठीची पाने पाहा. त्यांतील तुळया सरळ नाहीत. स्वरांच्या चढउताराबरोबर त्या लाटेसारख्या वळतात. पोलादी कोरणीला ती लवचिकता परवडणारी नव्हती. छापात त्या सरळ झाल्या. बेथोव्हेनने आपल्या हस्तलिखितांत कोठे नेहमीची जुडी तोडली, कोठे मात्रेची सीमा ओलांडून तुळई पुढे नेली. वाक्य येथे संपत नाही, पुढे चालू आहे, असे त्याला सुचवावयाचे असे. नंतरच्या छपाईत अशा जागा नियमाला धरून ‘सुधारल्या’ गेल्या. व्हिएन्नाचे हाइनरिश शेंकर यांनी याविरुद्ध आवाज उठविला. १९१३ ते १९२१ या काळात त्यांनी बेथोव्हेनच्या अखेरच्या सोनाटांपैकी चारांच्या सटीक आवृत्त्या काढल्या आणि मूळ हस्तलिखितातील तुळया व दांडे हेही अर्थवाहक आहेत, असा आग्रह धरला. १९२७ साली व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात थोर रचनाकारांच्या हस्तलिखितांच्या छायाचित्रांचा संग्रह सुरू झाला, त्यामागेही त्यांची आणि त्यांचे शिष्य आंटोनी व्हान होबोकन यांची हीच तळमळ होती.

गाण्याच्या संगीतात तर एक वेगळाच कायदा चालत आला. तेथे शब्दातील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र निशाण, आणि एकाच अक्षरावर अनेक स्वर आले तरच त्यांच्यावर तुळई. म्हणजे तुळई मात्रेची नव्हे, अक्षराची वाटणी दाखवी. आपल्याकडे एका अक्षरावर आलाप चालावा, तसा आलाप कोठून कोठपर्यंत आहे हे तिच्यावरून कळे. विसाव्या शतकात अनेकांनी ही पद्धत सोडून गाण्यातही मात्रेप्रमाणेच तुळया घालावयास सुरुवात केली, कारण तालाच्या दृष्टीने ते वाचावयास सोपे पडते. दोन्ही पद्धती सकारण आहेत. तात्पर्य, ही रेघ दिसते एक, पण तिच्यावर तीन धनी हक्क सांगतात: ताल, शब्द आणि रचनाकाराचा आशय. पूर्वी या तिघांचा निवाडा हाती कोरणी धरलेला माणूस करी.

१९६०च्या दशकाच्या आरंभी हा निवाडा यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न सुरू झाले. इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि रॉबर्ट बेकर यांनी संगीत टंकित करणारे यंत्र संगणकाच्या जोडीला लावून पाहिले. त्याच सुमारास अमेरिकेत संगीताची चिन्हे आकड्यांत आणि अक्षरांत लिहिण्याच्या सांकेतिक भाषा तयार होऊ लागल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लीलँड स्मिथ यांनी १९७०च्या दशकात ‘स्कोअर’ नावाची आज्ञावली घडविली. पुढे कित्येक नामांकित प्रकाशकांनी तिच्यावर आपली पाने तयार केली. या आज्ञावलीत संगीत पाच फेऱ्यांत भरावयाचे असे. पहिल्या फेरीत स्वर, दुसरीत त्यांची लांबी, तिसरीत आघातादी खुणा, चौथीत तुळया, पाचवीत वक्ररेषा. चौथ्या फेरीत माणूस सांगू शके की पहिल्या स्वरापासून चौथ्यापर्यंत एक तुळई, पाचव्यापासून आठव्यापर्यंत दुसरी. स्वर आणि लांबी पूर्ण सांगून झाल्यावरही तुळईसाठी वेगळी फेरी लागावी, यातच या रेघेचे वेगळेपण दिसून येते.

पण हजारो तुळया हाताने सांगत बसणे कोणाला रुचणार? मग यंत्राने त्या स्वतःच घालाव्यात अशी सोय आली. अमेरिकेत १९८८ साली निघालेले ‘फिनाले’, इंग्लंडमध्ये बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी १९९३ साली बाजारात आणलेले ‘सिबेलियस’, नेदरलँड्समध्ये हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ साली सुरू केलेले ‘लिलीपाँड’, जर्मनीत वेर्नर श्वेअर यांनी २००२ साली आरंभिलेले ‘म्यूझस्कोअर’ आणि २०१६ साली आलेले ‘डोरिको’, या सर्वांत स्वर भरला की तुळई आपोआप पडते. लिलीपाँड आणि म्यूझस्कोअर ही तर कोणालाही विनामूल्य मिळतात, आणि त्यांची आतली रचनाही उघडी आहे.

हे ‘आपोआप’ म्हणजे नेमके काय होते? यंत्र गाणे ऐकत नाही. ते मोजते. लिलीपाँडचेच उदाहरण घेऊ, कारण त्याची घडण कोणालाही वाचता येते. तालचिन्ह कळताच यंत्र एका कोष्टकात पाहते. या तालात मोजण्याचे मूळ माप कोणते, आणि अशी किती मापे मिळून एक जुडी होते, हे कोष्टकात लिहिलेले असते. मग ते स्वर एकामागून एक घेत जाते. आखूड स्वर आला की तुळई उघडते. जुडीची सीमा आली की बंद करते. मध्ये विश्रांतीची खूण किंवा लांब स्वर आला तरी बंद करते. याखेरीज अपवादांची यादी असते. चार मात्रांच्या तालात, म्हणजे ४/४ मध्ये, सारे स्वर अर्ध्या मात्रेचे असले तर चार-चारच्या जुड्या करावयाच्या. पण त्यांत पाव मात्रेचा स्वर शिरला तर पुन्हा एकेका मात्रेवर यावयाचे. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेमधली सीमा ओलांडू द्यावयाची नाही, कारण तो तालाचा मध्य आहे आणि तो झाकला तर वाचणारा चुकतो. तीन मात्रांच्या ३/४ मध्ये सहा अर्ध्या मात्रांवर एकच लांब तुळई टाकावयाची, कारण जुन्या कोरीव पानांवर तशी रूढी होती आणि ६/८ तर नेहमी तीन-तीनमध्ये तुटते. गाण्यासाठी सारा आपोआपपणा एका शब्दाने बंद करता येतो. आणि कोणत्याही जागी चौकोनी कंस घालून माणूस म्हणू शकतो की येथे तुझा हिशेब राहू दे, तुळई येथून येथपर्यंतच हवी. तुळईच्या उतारासाठी तर यंत्र अनेक शक्य जागा मांडून प्रत्येकीला दोषांचे गुण देते आणि ज्या जागेचे दोष कमी ती निवडते.

श्रोतेहो, या कोष्टकात नवे असे काय आहे? काहीच नाही. त्यात लाइपझिगच्या पत्र्यांवरचा, टेड रॉसच्या पुस्तकातला, जुन्या संगीताच्या पानांतला अनुभवच भरलेला आहे. आपोआप या शब्दाने आपणास असे वाटते की निर्णय घेणारा माणूस गेला. तो गेलेला नाही. त्याने आपला निर्णय आधीच घेऊन ठेवला आणि तो प्रत्येक पानाला लागू केला, इतकेच.

म्हणूनच यंत्र अडते ते नेमके तेथे, जेथे आधी घेतलेला निर्णय पुरत नाही. ७/८ हे तालचिन्ह घ्या. आपल्या रूपकाचे सात तीन-दोन-दोन असे चालतात. बेला बार्टोक यांच्या ‘मिक्रोकोस्मोस’च्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या सहाव्या भागात बल्गेरियन तालाची सहा नृत्ये आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे सात दोन-दोन-तीन आहेत. नुसत्या सातच्या आकड्यावरून यांतले कोणते ते कसे कळणार? बार्टोकने हे ओळखूनच तालचिन्हात बेरजेची फोड करून लिहिले. यंत्रालाही तसेच फोड करून सांगावे लागते. सांगितले नाही तर ते काहीतरी एक वाटणी करील, ती नीटनेटकी दिसेल, आणि कदाचित सर्वस्वी चुकीची असेल. अमेरिकेतील डोनाल्ड बर्ड यांनी १९८४ साली इंडियाना विद्यापीठात संगणकाने संगीतलेखन या विषयावर प्रबंध लिहिला. पुढे १९९४ साली एका लेखात त्यांनी म्हटल्याचा आशय असा, की संगीतलेखन पूर्णपणे आपोआप आणि सर्वत्र उत्तम व्हावयाचे तर माणसाएवढीच बुद्धी लागेल, कारण थोर रचनाकारच पुस्तकातले नियम पुन्हा पुन्हा मोडतात.

मी यंत्राची निंदा करावयास उभा नाही. पूर्वी एक पान कोरणे हे कुशल कारागिराचे जिकिरीचे काम असे. आज गावातला विद्यार्थी आपली रचना संध्याकाळी लिहून रात्री छापू शकतो. यंत्राचे कोष्टक त्याला दहा जागी वाचविते. ज्याला तुळईचा नियमच ठाऊक नाही त्याचेही पान वाचनीय होते. हा लाभ लहान नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याला नियम ठाऊक नाही त्याला तो मोडावा कोठे हेही ठाऊक होत नाही. कारागीर प्रत्येक तुळईपुढे क्षणभर थांबत असे, कारण ती त्याला हाताने काढावयाची होती. यंत्र वापरणारा थांबत नाही, कारण ती आधीच पडलेली असते. यंत्राने सुचविलेले हळूहळू यंत्राने ठरविलेले होते, आणि काही वर्षांनी लोक तोच नियम समजतात.

याचा भार कोणावर पडतो? वाचणाऱ्यावर. आपल्या मुंबईच्याच इतिहासात याचा चांगला दाखला आहे. गोव्याच्या चर्चमधील शाळांत मुलांना पाच रेघांचे स्वरलेखन शिकवीत. त्या शिक्षणावर तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी संगीत दिग्दर्शकांच्या चाली ऐकून वाद्यवृंदासाठी पाने लिहिली, आणि वादकांनी ती समोर ठेवून वाजविली. सबंध वाद्यवृंद एका वेळी ध्वनिमुद्रित होत असे तेव्हा एकजण चुकला तर सगळ्यांना पुन्हा आरंभ. अशा ठिकाणी तुळई ही शोभेची वस्तू नसते. ती योग्य जागी तुटली तर हात आपोआप चालतो; अयोग्य जागी तुटली तर वीस माणसे थांबतात. हाताने पान लिहिणाऱ्या संयोजकाला हे माहीत असते, कारण समोर बसून वाजविणारी माणसे त्याच्या ओळखीची असतात. कोष्टकाच्या ओळखीचे कोणीच नसते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२४ सालच्या ऑगस्टात फिनालेच्या कंपनीने जाहीर केले की पस्तीस वर्षांनंतर हे काम आपण थांबवीत आहोत. या काळात जगभर त्यावर असंख्य रचना लिहिल्या गेल्या होत्या. पत्र्यावर कोरलेली तुळई कारखाना बंद पडला तरी पत्र्यावर राहते. पण यंत्राने आपोआप घातलेली तुळई नेहमी लिहिलेली असतेच असे नाही. ती दर वेळी कोष्टक पाहून नव्याने काढली जाऊ शकते. कोष्टक बदलले, किंवा पान दुसऱ्या यंत्रात नेले, की वाटणी बदलण्याचा संभव असतो. सुदैवाने एका यंत्रातून दुसऱ्यात संगीत नेण्यासाठी २००४ पासून ‘म्यूझिक-एक्सएमएल’ नावाची एक समाईक लेखनपद्धत रूढ झाली आहे. तिच्यात प्रत्येक तुळई कोठे उघडली, कोठे चालू राहिली आणि कोठे मिटली हे स्पष्ट लिहिता येते. म्हणजे स्वर आणि लांबी यांच्याबरोबर वाटणीही जपून ठेवावी लागते, ही गोष्ट यंत्रयुगातल्या माणसांनाही मान्य करावी लागली. शेंकर यांनी हस्तलिखितांच्या छायाचित्रांसाठी धरलेला आग्रह याहून वेगळा नव्हता.

तेव्हा ज्यांच्या घरी मुले संगीत शिकत आहेत, जे वाद्यवृंद बसवितात, शाळांतून समूहगीते शिकवितात, त्यांना माझी एक विनंती आहे. यंत्र वापरा, अवश्य वापरा. पण पान तयार झाले की ते एकदा टाळी देत वाचा. जेथे टाळी आणि तुळई जुळत नाहीत तेथे थांबा आणि विचारा की ही वाटणी कोणी केली: चालीने, शब्दांनी, रचनाकाराने, की दूरदेशी कोष्टक लिहिणाऱ्या कोणा सज्जनाने? त्याने ती बहुधा चांगलीच केलेली असेल. पण आपल्या गाण्याची त्याला कल्पना नव्हती. ती आपल्याला आहे. म्हणून अखेरचा शब्द आपला असला पाहिजे, आणि त्यासाठी चौकोनी कंस घालण्याची सोय त्याने स्वतःच करून ठेवली आहे.